वांग: चेहऱ्यावरचे काळे डाग, उपचार आणि काळजी

वांग म्हणजे चेहऱ्यावर हळूहळू उमटणारे तपकिरी, कधी राखाडी झाक असलेले सपाट डाग, आणि बहुतेक वेळा ते दोन्ही बाजूंना सारखेच येतात, उजव्या गालावर दिसले की डाव्यावरही दिसतातच. डॉक्टर याला मेलाझ्मा म्हणतात. गाल, कपाळ, नाकाचा दांडा, वरच्या ओठावरचा भाग आणि हनुवटी या त्याच्या ठरलेल्या जागा, काहींना जबड्याच्या कडेनेही येतात. हे डाग खाजत नाहीत, दुखत नाहीत, एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत आणि त्यांचा कॅन्सरही होत नाही. पण चेहऱ्यावर असल्यामुळे माणूस खचतो, मग जो जे सांगेल ते लावत सुटतो आणि खरं नुकसान बरेचदा तिथेच होतं. रुग्णांमध्ये बायकांचं प्रमाण खूप जास्त, साधारण दहातल्या नऊ, तरी पुरुषांनाही होतं आणि ते बिचारे उशिरा डॉक्टरकडे जातात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत वांग जास्त दिसतं.

डाग पडतो कसा

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात, त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात आणि आजूबाजूच्या पेशींना वाटून टाकतात, एक मेलॅनोसाइट साधारण ३६ पेशींना रंग पुरवते. मेलॅनिन बनायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं आणि वांगावरची बरीचशी औषधं याच एन्झाइमला अडवतात. वांगात या पेशींची संख्या फारशी वाढलेली नसते, त्या आकाराने मोठ्या आणि कामाला जास्त लागलेल्या असतात. शिवाय डागाखालची त्वचाही पहिल्यासारखी राहिलेली नसते, तिथे रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात, उन्हाने आतले तंतू खराब झालेले असतात आणि दोन थरांमधला पडदा कमजोर झाल्यामुळे रंगद्रव्य खाली झिरपतं. वरून डाग फिका झाला तरी हे आतलं सगळं तसंच असतं, म्हणून उपचार थांबवले आणि ऊन लागलं की डाग परत येतात. हे आधीच माहीत असलं की निम्मी निराशा टळते.

कारणं तीन मुख्य: घराण्यात असणं, प्रकाश आणि हार्मोन. आई किंवा बहिणीला वांग असेल तर शक्यता वाढते. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वाढल्यामुळे अनेकींना पहिल्यांदा तेव्हाच डाग दिसतात, काहींचे बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिके होतात आणि काहींचे राहतात. गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही असंच होऊ शकतं, तसं वाटत असेल तर गोळी मनानेच बंद न करता डॉक्टरांशी दुसऱ्या पर्यायाबद्दल बोलावं. थायरॉइडच्या आजाराशीही वांगाचा संबंध दिसलेला आहे, त्यामुळे डॉक्टर कधी कधी ती रक्ततपासणी सांगतात. लिव्हर खराब झालं म्हणून किंवा पोट साफ नाही म्हणून वांग येतं हे मात्र चुकीचं आहे, त्यासाठी पोटातून काही घेत बसण्यात वेळच जातो.

प्रत्येक काळा डाग वांग नसतो

हे ओळखणं फार महत्त्वाचं, कारण उपचार बदलतात. पिंपल बरं झाल्यावर किंवा भाजल्या-खरचटल्यावर राहणारा काळा डाग हा जळजळीनंतरचा डाग असतो, तो जिथे जखम होती तिथेच असतो आणि काही महिन्यांत बऱ्यापैकी जातो. हेअर डाय किंवा सेंट यांच्या ॲलर्जीने कपाळ, कानशिलं आणि मान काळी पडते, तिथे ती वस्तू बंद केल्याशिवाय कुठलंही क्रीम काम करत नाही आणि डाय वर्षानुवर्षं वापरात असल्यामुळे त्याच्यावर संशयच जात नाही. मानेवर आणि गालाच्या कडेला जाडसर, मखमलीसारखी काळी त्वचा झाली असेल तर त्यामागे बहुधा इन्सुलिन नीट काम करत नसतं, म्हणजे उपाय वजन आणि साखरेकडे बघून करायचा. मिनोसायक्लिन (एक अँटिबायोटिक), अमियोडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचं औषध) यांसारख्या गोळ्यांनीही चेहरा काळवंडतो. आणि एकच डाग असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, रंग एकसारखा नसेल, तो वाढत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल तर कुठलीही क्रीम न लावता आधी डॉक्टरांना दाखवावं.

वांग किती खोल आहे ते बघायला त्वचारोगतज्ज्ञ वुड्स लॅम्प नावाचा अतिनील दिवा वापरतात. रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर डाग या उजेडात जास्त उठून दिसतो आणि औषधाला लवकर दाद देतो, खालच्या थरात असेल तर कमी दाद देतो, पण बहुतेकांत दोन्ही मिसळलेलं असतं. गडद त्वचेत हा दिवा तितकासा भरवशाचा नाही.

प्रकाशापासून बचाव

खरं तर उपचारांची सुरुवात इथूनच आहे. सनस्क्रीन न लावता नुसतं औषध लावणं म्हणजे गळका माठ भरत बसणं. एसपीएफ किमान ३० असावा आणि ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेलं असावं, कारण उन्हातल्या अतिनील किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार त्वचेपर्यंत पोचतात, एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो आणि वांग वाढवण्यात यूव्हीएचाही मोठा वाटा असतो, जे खिडकीच्या काचेतून आत येतात, म्हणून घरात किंवा गाडीत बसलोय म्हणून सुटलो असं होत नाही. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के, म्हणजे आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा पुरेसं लावणं जास्त कामाचं. प्रयोगशाळेत हा आकडा चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात आणि आपण लावतो त्याच्या निम्मं सुद्धा नाही. तर्जनी आणि मधलं बोट अशा दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत लावायचं, घाम पुसला तरी परत.

आता एक गोष्ट जी कमी लोकांना माहीत असते: डोळ्यांना दिसणारा साधा उजेड, त्यातला निळा-जांभळा भाग, तो सुद्धा गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत रंगद्रव्य वाढवतो, आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन लागतं. वांगवाल्यांनी हेच वापरावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण याने डाग झाकलाही जातो आणि वाढायचाही थांबतो. मोबाइलच्या उजेडाची मात्र फार धास्ती घेऊ नका, दिवसाच्या उजेडापुढे तो अगदीच कमी असतो. रुंद काठाची टोपी, छत्री, सावली, हे सगळं सनस्क्रीनच्या जोडीला हवंच. भट्टी किंवा शेगडीसमोर तासन्‌तास काम करणाऱ्यांत उष्णतेनेही वांग वाढू शकतं.

औषधं

सगळ्यात जुनं आणि अजूनही सगळ्यात जास्त अभ्यासलेलं औषध हायड्रोक्विनोन, साधारण २ ते ४ टक्के. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन एचंच एक रूप) आणि एक स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र करून फॉर्म्युला मांडला. आजची ट्रिपल कॉम्बिनेशन क्रीम त्याचंच सौम्य रूप, त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्विनोन ४ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०५ टक्के आणि फ्लुओसिनोलोन हे स्टेरॉइड ०.०१ टक्के असतं. काम चांगलं करते, पण ती रात्री, फक्त डागांवर, डॉक्टरांच्या नजरेखाली आणि साधारण दोन-तीन महिन्यांसाठीच. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावत राहिलं तर उलट निळसर काळी छटा येते, तिला ऑक्रोनोसिस म्हणतात आणि ती वांगापेक्षा कितीतरी चिवट. अशा क्रीममुळे होणारा ऑक्रोनोसिस दक्षिण आफ्रिकेत १९७५ मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला, तिथे या क्रीम सर्रास वापरात होत्या. युरोपियन युनियनमध्ये त्वचा उजळवणाऱ्या कॉस्मेटिक क्रीममध्ये हायड्रोक्विनोन घालायला बंदी आहे.

ॲझेलॅइक ॲसिड, १५ ते २० टक्के, हे माझ्या मते पुरेसं कौतुक न झालेलं औषध. हळू चालतं, सुरुवातीला थोडं चुणचुणतं, पण लांब काळ लावता येतं आणि गरोदरपणातही सुरक्षित मानलं जातं. नायसिनमाइड रंगद्रव्य पेशींना वाटलं जाण्याच्या पायरीवर काम करतं, कोजिक ॲसिड, व्हिटॅमिन सी, सिस्टेअमिन हे पण वापरतात, यांचा फरक सौम्य असतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे मुळात रक्तस्राव थांबवायचं औषध, १९७९ मध्ये जपानमध्ये अंगावर पित्त उठणाऱ्या एका रुग्णाला देताना वांग फिकं झालेलं लक्षात आलं आणि तिथून वापर सुरू झाला. आता चिवट वांगासाठी २५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असा काही महिन्यांचा कोर्स देतात. पण ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कुणाला रक्ताची गुठळी, स्ट्रोक, हार्टचा त्रास झालाय, जे सिगरेट ओढतात, ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात त्यांच्यासाठी ती धोक्याची ठरू शकते, म्हणून ही मेडिकलमधून मनाने आणून घ्यायची गोष्ट नव्हे.

कुठलंही औषध असो, फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. चार दिवसांत चेहरा उजळला तर खुश होऊ नका, संशय घ्या.

कारण असा झटपट उजाळा बहुतेक वेळा दोनच गोष्टींनी येतो, तीव्र स्टेरॉइड किंवा पारा. मोमेटॅसोन, बीटामेथॅसोन, क्लोबेटॅसॉल असलेलं मलम रोज चेहऱ्याला लावलं तर सुरुवातीला मस्त वाटतं, पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, चेहऱ्यावर लव वाढते आणि मलम बंद केलं की इतकी आग होते की माणूस परत तेच लावतो. यातून बाहेर पडायला महिनेच्या महिने जातात आणि ते डॉक्टरांच्या मदतीनेच करावं. पारा असलेल्या क्रीम किडनीला मारतात, घरातल्या लहान मुलांपर्यंतही तो पारा टॉवेल-उशीवरून पोचतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या २०१३ च्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात अशा क्रीमवर निर्बंध आहेत तरी त्या मिळतात. डबीवर मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल असं पाऱ्याचं काही नाव लिहिलं असेल किंवा घटकच लिहिले नसतील तर ती वापरू नका.

घरगुती उपायांत लिंबाचा रस थेट चेहऱ्याला लावणं सगळ्यात वाईट, त्यावर ऊन पडलं की त्वचा भाजून अजून काळी पडू शकते. टूथपेस्ट, खसाखसा स्क्रब करणं, ब्लीच यांनीही जळजळ होते आणि सावळ्या त्वचेत जळजळ म्हणजे नवीन डाग.

पील आणि लेझर

ग्लायकॉलिक ॲसिडचे पील, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलून काढणारे लेप, औषधाच्या जोडीला उपयोगी पडतात, तेही आधी काही आठवडे त्वचा तयार करून आणि सौम्य तीव्रतेपासून सुरू करून. लेझरचा पर्याय शेवटचा. वांग आणि लेझर यांचं फारसं जमत नाही, उष्णतेने डाग भडकतात, कधी पांढरे ठिपके राहतात, आणि खर्च करूनही काही महिन्यांत वांग परत आलेलं असतं. एका सिटिंगमध्ये कायमचं घालवतो असं कुणी सांगितलं तर तिथे थांबू नका.

गरोदर असलेल्या आणि गरोदर राहायचा विचार करणाऱ्या बायकांनी ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि ट्रॅनेक्झॅमिकची गोळी टाळावी. त्या काळात टिंटेड सनस्क्रीन, टोपी आणि हवं तर डॉक्टरांना विचारून ॲझेलॅइक ॲसिड एवढंच ठेवावं, बाकीचं बाळंतपणानंतर आणि अंगावर पाजत असाल तर तेही सांगून. डाग फिके झाल्यावर हायड्रोक्विनोन थांबवून ॲझेलॅइक किंवा नायसिनमाइडसारखं सौम्य काहीतरी चालू ठेवतात, सनस्क्रीन मात्र पावसाळ्यातही रोज, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा डॉक्टरांना चेहरा दाखवून घेतलेला बरा.