पास कुठी ठेवली? विचारा मोबाईलले, तेही बिननेट

एआय म्हटलं की नेट पाहिजेच, हा समज आमच्या इकडे एकदम पक्का आहे. रेंज गेली का मोबाईल म्हणजे टॉर्च आन् घड्याळ, बस. पण घरात कोणती वस्तू कुठं ठेवली हे शोधायला नेट लागत नाही, आणि मी तर म्हणतो या कामाला नेट नसलेलंच बरं.

शेतकऱ्याचं घर म्हणजे कसं, वखराची पास (म्हणजे त्याचं लोखंडी पातं) माळ्यावर, फवारणी पंपाचं नोझल बिस्किटाच्या डब्यात, सातबारा आन् सोसायटीची कागदं लोखंडी पेटीत लुगड्याखाली, तिफणीचे दोर कोठ्यात. मग ऐन हंगामात "अवं, पास कुठी ठेवली?" म्हणून सारं घर डोक्यावर. आता प्रत्येक डबा, पेटी उघडून एकेक फोटो काढून ठेवला आणि मोबाईलमध्येच चालणाऱ्या मॉडेलला (म्हणजे फोटो आणि शब्द जुळवायला शिकलेल्या प्रोग्रामला) 'नोझल' विचारलं तर ते शेकडो फोटोंतून नेमका तो डबा पुढं करू शकते. कसं काय बुवा?

मॉडेल फोटोचं नाव लिहून ठेवत नाही, त्याचे आकडे करते. नकाशावर वर्धा म्हणजे 20.7, 78.6 आणि यवतमाळ 20.4, 78.1, आकडे जवळ तर गावं जवळ, मुंबई 19.1, 72.9, म्हणजे लांब. तसाच फोटोला पत्ता मिळतो, फक्त दोन आकड्यांचा नाही, 512 आकड्यांचा. आणि गंमत अशी की शब्दालाही त्याच नकाशात पत्ता असतो! ओपनएआय या कंपनीनं 2021 मध्ये क्लिप नावाचं मॉडेल आणलं, ते इंटरनेटवरच्या 40 कोटी फोटो-मजकूर जोड्यांवर शिकलं. एका खेपेला 32,768 जोड्या समोर टाकायच्या आणि कोणती ओळ कोणत्या फोटोची ते ओळखायला लावायचं, चुकलं की आतली वजनं, म्हणजे मॉडेल ज्यांवर हिशोब करते ते आकडे, जराशी हलवायची, म्हणजे खरे जोडीदार जवळ सरकतात आणि परके दूर जातात. असं करत करत कुत्र्याचा फोटो आणि 'कुत्रा' हा शब्द शेजारी येऊन बसतात.

मग शोध म्हणजे काय, तर 512 मितींमधले दोन बाण, एक फोटोचा, एक शब्दाचा, दोघांची लांबी 1 करून घ्यायची, आकड्याला आकडा गुणायचा, सगळी बेरीज करायची, आलं ते त्यांच्यातल्या कोनाचं कोसाइन (दहावीची त्रिकोणमिती आठवत असेल तर), 1 च्या जितकं जवळ तितकं जुळलं. हजार फोटोंना 5,12,000 गुणाकार, साधा मोबाईलही पापणी लवायच्या आत करते. एक आकडा 4 बाइटचा, म्हणजे हजार फोटोंचे पत्ते मिळून 2 एमबी, मोबाईलच्या एका फोटोएवढे! उरलं मॉडेल. क्लिपच्या लहान आवृत्तीत 15 कोटींच्या आसपास वजनं, एकेक 32 बिटांत (म्हणजे तेच 4 बाइट) ठेवलं तर 600 एमबी, पण तीच 8 बिटांत गोल करून बसवली की 150.

हे सगळं गणित आहे, जाणतेपणा नाही. आजही दागिना सापडला नाही का दाणे पाहणाऱ्याकडे जाणारे आहेत, तो म्हणतो "घरच्याच माणसानं नेला" आणि बोट सुनेकडे जाते. मॉडेल फक्त कोणता फोटो जुळला ते सांगते. अन् मोबाईलच्या खोक्यावर 'एआय'चं स्टिकर आहे म्हणून दुकानदार जास्त पैसे मागत असेल तर आधी विचारा, हे नेटशिवाय काय करते.

आता अडचणी. अख्ख्या फोटोला एकच पत्ता मिळतो, म्हणून दूरून काढलेल्या माळ्याच्या फोटोत नोझल हरवून जाते, डबा उघडून जवळून काढा. मूळ क्लिप इंग्रजीवर पोसलेलं, मराठीसाठी बहुभाषिक मॉडेल घ्या. तरी इंटरनेटवर वखराचे फोटो असून असून किती असणार, पास त्याला लोखंडाची पट्टी वाटते, म्हणून फोटोखाली दोन शब्द आपणच लिहून ठेवलेले बरे. आणि वस्तू हलवली तर नवा फोटो काढावाच लागते, पोरानं पास शेजाऱ्याले दिली हे मोबाईलले कसं समजणार?

पेटीतल्या दागिन्यांचा आणि सातबाऱ्याचा फोटो म्हणजे घराची अंदरकी बात, त्यात लोकेशन चालू असेल तर घराचा ठावठिकाणाही फोटोतच साठतो. ॲप खरंच आतल्या आत चालते का ते पाहायला फ्लाइट मोड लावून शोधून पाहा, चकरी फिरत राहिली तर समजा काम बाहेर होते. पण तेवढ्यानं भागत नाही, गॅलरीचा ऑटो बॅकअप चालू असला तर रेंज आल्याबरोबर तेच फोटो गुपचूप नेटवर जातात. तो आधी बंद करा, मग पेटी उघडा.