एका छपराखाली, अनोळखी माणसांबरोबर

परीक्षा संपल्या की इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरकडच्या मराठी घरांतून सॅक बाहेर निघतात. कुणी हिमाचलात ट्रेकला जातं, कुणी पैसे साठवून किर्गिझस्तानात युर्टमध्ये, म्हणजे मेंढपाळांच्या गोल तंबूत, राहून येतं. आजी विचारते, “परक्या माणसांबरोबर एकाच खोलीत झोपायचं? आणि स्वयंपाक कोण करणार?” काळजीपोटी विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर होळकरांच्या गावात शोधायला लांब जावं लागत नाही.

अहिल्याबाईंचं नाव निघालं की काशी, सोमनाथ आणि नर्मदेचे घाट आठवतात. बद्री-केदारच्या वाटेवर त्यांनी बांधलेल्या धर्मशाळा मागे पडतात. तुंगनाथ, पवाली ही नावं त्या यादीत येतात. मला या धर्मशाळांचं मोल फार वाटतं. पावसात भिजलेला यात्रेकरू रात्री कुठे पाठ टेकेल, याचा विचार महेश्वरात बसून करणं सोपं नव्हतं.

त्याच वाटांवर चट्ट्या होत्या. काही मैलांवर एक, दगडमातीच्या भिंती, वर छप्पर, बाजूला दुकान. दुकानदार जागेचं भाडं घेत नसे. पीठ, डाळ, तूप त्याच्याकडून घ्यायचं. भांडी तो वापरायला देई, चूल आपली आपण पेटवायची. बंगाली, गुजराती, मराठी यात्रेकरू शेजारी-शेजारी अंथरूण घालत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाबा काली कमलीवाले यांनी ऋषिकेशहून याच मार्गांवर धर्मशाळा आणि सदावर्तं उभी केली. पुढे मोटाररस्ते झाले. आठवड्यांची वाट दोन दिवसांवर आली आणि चट्ट्या ओस पडल्या. हनुमान चट्टी, यमुनोत्रीच्या वाटेवरची जानकी चट्टी ही नावं तेवढी राहिली.

युरोपात आरंभ असाच झाला. आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, २,४६९ मीटरवर, अकराव्या शतकापासून धर्मगुरूंचा आश्रम वाटसरूंना थारा देत आला आहे. पण तिथल्या गिर्यारोहकांनी पुढचं पाऊल टाकलं. १८६३ मध्ये स्विस अल्पाइन क्लब स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याने टोडी पर्वतावर ग्रुनहॉर्न ही पहिली हट, म्हणजे गिर्यारोहकांना रात्र काढायची झोपडी, बांधली. या हटांकडे येणारा डोंगर चढण्यासाठीच येई, त्यामुळे खाली कितीही रस्ते झाले तरी त्या टिकल्या. चट्टी तीर्थाला पोहोचवणारी होती. तीर्थ गाडीने गाठता येऊ लागलं आणि तिचं काम संपलं. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नॉर्वेत १८६८ पासून काम करणाऱ्या ट्रेकिंग संघटनेने आणखी विश्वास दाखवला. सभासदाला एक किल्ली मिळते आणि ती संघटनेच्या बहुतेक बिनमाणसांच्या केबिनींना लागते. कोठारात डबाबंद जेवण असतं. जे घेतलं ते लिहायचं आणि पैसे भरायचे.

युर्टचा वंश वेगळा. तो मध्य आशियातल्या मेंढपाळांचं घर. मंगोल त्याला गेर म्हणतात. भिंत लाकडी पट्ट्यांची, जुन्या दुकानांच्या सरकत्या जाळीदार दारासारखी मिटणारी. वर छताचे दांडे, ते मधल्या गोल चक्रात खोचलेले आणि सगळ्यावर लोकरीचा नमदा. छताचा भार भिंतीला बाहेर ढकलतो, म्हणून भिंतीभोवती पट्टे आवळून बांधतात. सारा डोलारा त्या पट्ट्यांवर उभा असतो. किर्गिझ लोक त्या चक्राला तुंडुक म्हणतात आणि १९९२ पासून ते त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहे. आत आडभिंत नसते, मध्ये चूल, भोवती सगळे.

अमेरिकेत युर्ट रुजला तो १९६० च्या दशकात, बिल कॉपरथवेट या शिक्षकामुळे. नमद्याच्या जागी पुढे कॅनव्हास आला, पट्ट्यांच्या जागी पोलादी तार. बर्फातून स्की करत जाणाऱ्यांसाठी असे युर्ट डोंगरात उभे राहू लागले. कोलोरॅडोत फ्रिट्झ बेनेडिक्ट या वास्तुविशारदाने १९८० मध्ये टेन्थ माउंटन डिव्हिजन हट असोसिएशन स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धात तो याच नावाच्या तुकडीत होता आणि ही तुकडी तिथल्याच कॅम्प हेलवर बर्फातलं युद्ध शिकली होती. पहिल्या दोन हट १९८२ मध्ये झाल्या. इथे माणशी एक बिछाना मिळतो, त्यामुळे शेजारी कोण येईल सांगता येत नाही. लाकडं फोडणं, बर्फ वितळवून पाणी करणं, रांधणं, निघताना झाडून काढणं हे सगळं आलेल्यांनीच करायचं. आजीला हे सांगावं. तिच्या सासूने बद्रीयात्रा केली असेल तर तिला ते ओळखीचंच वाटेल.

आपल्याकडे ही रीत अनुभवायची असेल तर कुमाऊँत पिंडारी हिमनदीची वाट आहे. इंग्रजी अमदानीत तिथे टप्प्याटप्प्यावर डाकबंगले झाले. आता कुमाऊँ मंडल विकास निगमची विश्रामगृहं आहेत. काठगोदामहून बागेश्वर, तिथून पुढे खाती. द्वाली आणि फुरकिया हे पुढचे मुक्काम, तिथवर आजही पायीच जावं लागतं.