व्हॉल्तेर असं म्हणालाच नव्हता

‘तुझं म्हणणं मला पटत नाही, पण ते मांडायच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन.’ अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर वाद पेटला की कुणीतरी हे वाक्य फेकतंच, आणि खाली नाव असतं फ्रेंच लेखक-तत्त्वज्ञ व्हॉल्तेरचं. तो वारला १७७८ मध्ये. वाक्य जन्मलं १९०६ साली, एव्हलिन बिअट्रिस हॉल या लेखिकेच्या इंग्रजी पुस्तकात. तेही टोपणनावाने छापलेलं.

प्रसंग मात्र खरा. एल्वेसियस या तत्त्वज्ञाचं पुस्तक १७५९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीरपणे जाळलं गेलं. व्हॉल्तेरला ते पुस्तक फारसं आवडलं नव्हतं, पण हा छळ त्याला पटला नाही. हॉलबाईंच्या पुस्तकात तो म्हणतो, ‘एका ऑम्लेटपायी केवढा हा गोंधळ!’ त्यापुढे त्याची वृत्ती सांगायला बाईंनी ते प्रसिद्ध वाक्य स्वतः रचलं. घोळ केला अवतरणचिन्हांनी. ती दिसताच वाचकांनी वाक्य थेट व्हॉल्तेरच्या तोंडी घातलं. पुढे बाईंनी स्वतःच कबूल केलं, की शब्द माझे आहेत. पण तोवर वाक्य जगभर पोचलं होतं. बिचाऱ्या बाईंचं नाव मात्र वाक्याखाली क्वचितच दिसतं.