नामधातू

नामापासून तयार झालेला धातू, म्हणजे क्रियापदाचे मूळ रूप, तो नामधातू. संज्ञा संस्कृत व्याकरणातली. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात आरंभीच यासाठीचे प्रत्यय सांगितले आहेत. 'पुत्रीयति' म्हणजे स्वतःला पुत्र व्हावा अशी इच्छा करतो. येथे क्यच् प्रत्यय आहे. 'श्येनायते' म्हणजे ससाण्यासारखा वागतो; येथे क्यङ्.

मराठीत राग-रागावणे, भूक-भुकेजणे, हात-हाताळणे, लाथ-लाथाडणे, फूल-फुलारणे अशी रूपे होतात. प्रत्ययावरून अर्थ मात्र ओळखता येत नाही, तो रूढीच ठरवते. पाणी-पाणावणे घ्या. पाणावतात ते डोळे. सातारा-सांगलीकडे उसाला पाणी 'पाजतात'. आंबा मोहरतो, पण ऊस कधी 'तुरत' नाही, त्याला तुरा येतो.

कृष्णाकाठच्या शेतीत नामधातूंचे पीक सर्वांत दाट आहे ते अवजारांच्या नावांत. नांगराने नांगरतात, कुळवाने कुळवतात, कोळप्याने कोळपतात, खुरप्याने खुरपतात. वेगळा जोडप्रत्यय लागत नाही. नामाचा अंत्य स्वर असला तर गळतो आणि क्रियापदाचे प्रत्यय थेट लागतात. पुढे त्याच धातूंना '-णी' लागून नांगरणी, कुळवणी, कोळपणी अशी कामांची नावे होतात, म्हणजे नाम फिरून नामाकडे येते. या भागात खुरपण्याला भांगलणेही म्हणतात. हातात खुरपेच असते, शब्दात ते नाही.

अवजार आणि क्रिया यांचे नाव जुळले की नामधातू झाला, असे नव्हे. लाटणे हे लाटण्याचे साधन, चाळण चाळण्याचे. येथे धातू आधीचा आणि वस्तूचे नाव त्यावरून पडलेले. नांगराचे उलट आहे.

नाम आधीचे की धातू, या पेचातून एका माणसाने बसून रचलेली भाषाही सुटली नाही. झामेनहोफ यांनी 1887 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एस्पेरांतोत नामाला '-ओ' आणि क्रियापदाच्या मूळ रूपाला '-ई' लागते. 'ब्रोसो' म्हणजे ब्रश, 'ब्रोसी' म्हणजे ब्रशने घासणे. याच चालीवर 'कोम्बी' म्हणजे विंचरणे, तर 'कोम्बो' म्हणजे कंगवा असायला हवा. पण तिथे मूळच क्रियेचे आहे, म्हणून 'कोम्बो' म्हणजे विंचरण्याची क्रिया, आणि कंगव्यासाठी साधनवाचक प्रत्यय लावून 'कोम्बिलो' करावे लागते. नांगर आणि चाळण यांच्यातलाच हा भेद, पण शेवटचा स्वर पाहून तो कळत नाही. नवशिक्याला पाठच करावा लागतो. 1907 मध्ये तिच्यातून निघालेल्या इदो भाषेने अशा नामधातूंसाठी अर्थानुसार वेगळे प्रत्यय ठरवले. साधनाने काम करणे असेल तर '-आग': 'मार्तेलो' म्हणजे हातोडा, 'मार्तेलागार' म्हणजे हातोड्याने ठोकणे. व्यवस्था चोख, शब्द मात्र लांबले.

बाहेरून आलेल्या नामांचेही मराठीने धातू केले आहेत. खर्च-खर्चणे, शरम-शरमणे ही फारसी-अरबीमार्गे आलेली उदाहरणे. फवारा-फवारणे हे त्याच वळणाचे, आणि तासगावच्या द्राक्षबागांत ते रोजच्या बोलण्यातले. इंग्रजी नामांना हा मान क्वचितच मिळतो. त्यांच्यामागे 'करणे' किंवा 'मारणे' येते. मेसेज करतात. ट्रॅक्टरमागे नांगर असेल तर रान नांगरतात, रोटाव्हेटर असेल तर 'रोटर मारतात'.