शेडिंग पेन्सिलीत कमी, मेंदूत जास्त

कागदावर एक गोल काढा, वरून पांढरा सोडा आणि खाली येता येता हळूहळू काळा करत न्या. लगेच फुगीर दिसतो. आता कागद उलटा धरा, तोच गोल खळगा वाटायला लागतो, आणि पेन्सिलीची एक रेघही बदललेली नाही!

म्हणजे डोळ्याला नुसता उजेड कुठे कमी कुठे जास्त एवढंच कळतं, वस्तू फुगलेली की खोलगट हे मेंदू ठरवतो आणि ठरवताना उजेड वरूनच येतोय असं धरून चालतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये यावरचे प्रयोग मांडले, त्यातली गंमत म्हणजे 'वर' म्हणजे आकाशाकडे नाही, आपल्या डोक्याच्या हिशोबाने वर. पलंगावरून मान खाली लटकवून बघा, कागद न फिरवताच खळगा होतो (चारचौघात नको).

बरं, चेंडू काढताना नवखे लोक कडच सगळ्यात काळी करतात आणि मग तो थाळीसारखा चपटा दिसतो. खरं तर सगळ्यात गडद पट्टा कडेच्या जरा आत असतो, कारण टेबलावर पडलेला उजेड उसळून खालून कडेला लागतो. तेवढी कड किंचित फिकी सोडा, चेंडू उठून येतो. माझ्या मते निम्मं शेडिंग इथेच आहे, हायलाइटला, म्हणजे चेंडूवरच्या चमकत्या ठिपक्याला, लोक उगाच भाव देतात.

१६०९ मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून चंद्राच्या अंधाऱ्या भागात सुटे चमकते ठिपके दिसले. त्याला चित्रकला येत होती, त्याने ओळखलं की ही डोंगरांची टोकं, पायथ्याशी अजून उजाडायचंय. काही महिने आधी थॉमस हॅरियट या इंग्रज शास्त्रज्ञानेही दुर्बिणीतून चंद्राचं स्केच काढलं होतं, पण त्यात डोंगर काही नाहीत.

नकाशात डोंगरांना शेडिंग देताना उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून, म्हणजे वायव्येकडून दाखवायची पद्धत आहे. उत्तरेकडच्या देशांत भरदुपारी सूर्य तिथे नसतोच, पण खरा उजेड, म्हणजे दक्षिणेचा, नकाशात खालून येणारा, दाखवला तर डोंगरांच्या दऱ्या होतात. सॅटेलाइट फोटोत नेमकी हीच भानगड होते, सकाळी सूर्य आग्नेयेला असतो आणि नदी डोंगराच्या माथ्यावरून वाहताना दिसते. अशा वेळी फोटो सरळ उलटा करायचा, दक्षिण वर, की नदी बरोबर दरीत उतरते.