कॅलहन धडधाकट नव्हता

बेळगावच्या खडेबाजारात चहा पिताना व्यंगचित्रांचा विषय निघाला, की कुणीतरी ठोकून देतोच, "तो अमेरिकन कॅलहन? अपंगांची टिंगल करणारा धडधाकट माणूस!" साफ चूक. पोर्टलंडचा व्यंगचित्रकार जॉन कॅलहन १९७२ साली, २१व्या वर्षी, मोटार अपघातात जायबंदी झाला आणि २०१० साली जाईपर्यंत व्हीलचेअरवरच होता. गाडी चालवणारा प्यालेला होता. (कॅलहनही प्यालेलाच!)

तोंडात पेन धरायचा, हीसुद्धा थाप. पेन उजव्या हातात अडकवायचा आणि डाव्याने तो हात सरकवायचा, म्हणून रेषा थरथरती. अपंगत्व, दारू, मरण, कशालाच सोडलं नाही. तक्रारीची पत्रं यायची. पण व्हीलचेअरवरचे लोक हसतात का, हीच त्याची कसोटी. आपण बेळगावकर 'बिचारा' म्हणून मोकळे होतो. त्याला तिटकारा होता तो नेमका दयेचाच.