इन्युइट दंतकोरीवकाम व आभूषणे

अलास्का, उत्तर कॅनडा व ग्रीनलंड येथील इन्युइट लोकांची प्राण्यांच्या सुळ्यांवर कोरीवकाम करण्याची परंपरा. मराठीत अशा कामाला सवयीने ‘हस्तिदंती’ म्हटले जाते, पण तिकडे हत्ती नाही. सुळा असतो तो वॉलरस या सागरी प्राण्याचा, कधी नारव्हाल देवमाशाचा. गोठलेल्या जमिनीतून निघणारा मॅमथचा, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीचा, सुळा अलास्कात वापरतात, हत्तीशी नाते सांगणारा तेवढाच.

इन्युइटांच्या आधी पूर्व आर्क्टिकमध्ये नांदलेल्या डॉर्सेट संस्कृतीच्या लोकांनी बोटभर लांबीची अस्वले कोरली आणि त्यांच्या अंगावर रेषांनी सांगाडा दाखवला. गिरमिट त्यांच्याकडे नव्हते. भोके खरवडून पाडलेली, म्हणून लांबट दिसतात. इ. स. १००० नंतर पश्चिमेकडून पसरलेल्या थूले लोकांकडे, म्हणजे आजच्या इन्युइटांच्या पूर्वजांकडे, कमानीचे गिरमिट होते. त्याच्या दांड्याचे वरचे टोक दातांत धरलेल्या खोबणीत बसवायचे आणि एका हाताने कमान ओढायची. दुसरा हात वस्तू धरायला मोकळा. अलास्कात या कमानींवरच शिकारीची दृश्ये कोरून रेषांत काजळी भरत.

निव्वळ शोभेची वस्तू क्वचितच सापडते. सुईघरे, फण्या, भाल्यांची टोके, बर्फावरच्या उन्हापासून डोळे वाचवणारे बारीक फटींचे चष्मे, सगळेच कामाचे आणि बरेचसे देखणे. नीटस हत्यार पाहून प्राणी प्रसन्न होतो व आपणहून शिकाऱ्याच्या हाती येतो, अशी बेरिंग समुद्राकाठची समजूत. मग दागिना कोणता आणि अवजार कोणते, हा प्रश्न तिथे फारसा उरत नाही. कपड्यांवर शिवलेले दातांचे ताईतही याच जातीचे. अलास्कातील पुरुष खालच्या ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांखाली भोके पाडून सुळ्याच्या किंवा दगडाच्या खुंट्या घालत. स्त्रिया काजळी लावलेला दोरा सुईने कातडीखालून ओढून चेहऱ्यावर गोंदण काढत. मिशनऱ्यांच्या विरोधामुळे ही चाल जवळपास मोडली, अलीकडे तरुणींनी ती पुन्हा उचलली आहे.

एकोणिसाव्या शतकात देवमाशांचे शिकारी आले आणि काचमणी, पितळ, गिऱ्हाईक असे तिन्ही घेऊन आले. अलास्कातील नोम गावात ‘हॅपी जॅक’ नावाने ओळखला जाणारा कारागीर अंगोक्वाझुक याने अख्ख्या सुळ्यांवर क्रिबेज या पत्त्यांच्या खेळाचे गुणफलक कोरले. अमेरिकेच्या १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने अलास्काच्या मूळ रहिवाशांना वॉलरसच्या सुळ्यापासून हस्तकलेच्या वस्तू बनवून विकण्याची मुभा ठेवली. पुढे हत्ती वाचवण्यासाठी काही राज्यांनी हस्तिदंतविक्रीवर बंदी घातली. कॅलिफोर्नियात २०१६ पासून लागू झालेल्या कायद्यात वॉलरस व मॅमथचे सुळेही त्याच व्याख्येत बसवले आहेत.